पंचांसमोर उभी राहिलेली पिढी

मानवी हक्कांचा विषय मराठीत निघतो तेव्हा हक्क मागणाऱ्या माणसासमोर बहुतेक वेळा सरकार उभे असते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातली मांडणी तशी आहे, न्यायालयांतील गाजलेल्या खटल्यांचा इतिहास तसा आहे, आणि १९९३च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने अस्तित्वात आलेल्या आयोगांपुढील तक्रारींतही पोलीस, तुरुंग आणि शासकीय कार्यालये हेच प्रतिवादी मोठ्या संख्येने दिसतात. परंतु अठरा-वीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला सक्तीचा पहिला अनुभव सरकारकडून क्वचितच येतो. तो घरातून, भावकीतून, जातीतून येतो, आणि ज्यांच्या अंगाखांद्यावर ते मूल वाढले त्यांच्याच तोंडून बऱ्याचदा येतो. शिक्षण कुठवर घ्यायचे, लग्न कोणाशी आणि कोणत्या रीतीने करायचे, कोणाच्या दारात जायचे नाही, हे ठरवणारी माणसे शेजारच्या गल्लीत राहतात आणि त्यांचा शब्द मोडण्याची किंमत त्याच दिवशी वसूल होते. म्हणून तरुणांना आपल्या समाजात मानवी हक्कांचे पाईक म्हणून उभे करणे याचा खरा अर्थ तपासायचा असेल, तर सरकारविरोधी आंदोलनांपेक्षा जिथे मुलांना स्वतःच्याच माणसांशी भांडावे लागले अशा ठिकाणी जावे लागते. महाराष्ट्रात अलीकडच्या काळात असे भांडण कंजारभाट समाजातील तरुणांनी कौमार्य चाचणीच्या प्रथेविरुद्ध केले, आणि ते अजून संपलेले नाही.

हे भांडण समजण्यासाठी आधी जातपंचायत ही संस्था समजून घ्यावी लागते. जातपंचायत म्हणजे एखाद्या जातीतील वजनदार पुरुषांनी चालवलेले न्यायासन. ते लग्न, काडीमोड, देणेघेणे, भांडणतंटे आणि चालचलणूक यांविषयी निवाडा देते, दंड बसवते, आणि दंड न भरणाऱ्याला वाळीत टाकते. वाळीत टाकणे हा शब्द शहरी वाचकाला जुन्या कादंबरीतला वाटतो, पण त्याची यंत्रणा आजही साधी आणि अचूक आहे: मरणाला-तोरणाला कोणी यायचे नाही, त्या घरात मुलगी द्यायची नाही आणि तिथली करायची नाही, आमंत्रण-निमंत्रण बंद, आणि जो हे मोडील त्याच्यावरही तीच पाळी. यात कोणाला हात लावावा लागत नाही. ज्याचे सारे नातेगोते एकाच जातीत आणि एकाच वस्तीत आहे, त्याला एकटे पाडणे ही मारहाणीपेक्षा मोठी शिक्षा ठरते, कारण मारहाणीची जखम दिसते आणि तिची फिर्याद तरी देता येते.

कंजारभाट हा महाराष्ट्रातील विमुक्त जातींपैकी एक समाज आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा करून अनेक भटक्या समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांची नावे पोलीस ठाण्यात नोंदवली, हजेऱ्या लावल्या, आणि पुढे कित्येकांना तारेच्या कुंपणामागच्या वसाहतींत डांबले. सोलापुरात या वसाहतींना लोक आजही सेटलमेंट म्हणतात. स्वतंत्र भारतात हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला आणि या समाजांना विमुक्त, म्हणजे मोकळे झालेले, हे नाव मिळाले. नाव बदलले तरी संशय गेला नाही. चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा याच वस्तीत शिरते, हा अनुभव पुढच्या पिढ्यांनीही घेतला. ज्या समाजाने पोलीस ठाणे आणि न्यायालय यांचे रूप फक्त असे पाहिले, त्याने आपली भांडणे आपल्या पंचांपुढेच मिटवावीत यात नवल नव्हते. पंचायत ही त्या लोकांसाठी एका काळी आसरा होती, हे मान्य केल्याशिवाय तिच्यावर टीका करण्याचा नैतिक अधिकार बाहेरच्या माणसाला मिळत नाही. तो आसराच पुढे आपल्या माणसांच्या, विशेषतः आपल्या मुलींच्या, गळ्याचा फास झाला.

प्रथेचे स्वरूप असे, की लग्नानंतर नवदांपत्याला एका खोलीत, शहरांत बहुधा लॉजवर, पाठवले जाते आणि अंथरुणावर पांढरे कापड घातले जाते. वधूच्या अंगावरची टोचेल, ओरखडेल अशी वस्तू, म्हणजे बांगड्या, केसांतल्या पिना, आधीच काढून घेतली जाते, जेणेकरून कापडावर दुसऱ्या कशाचे रक्त लागू नये. नातेवाईक बाहेर थांबतात. त्यानंतर पंचांसमोर, जमलेल्या लोकांच्या देखत, वराला विचारले जाते की माल खरा होता की खोटा, आणि त्याने उत्तर द्यायचे असते. कापडावर डाग नसेल तर मुलीला खोटी ठरवून अपमान, मार, कोणाशी संबंध होता याची चौकशी, आणि दंड भरून शुद्ध होण्याची सक्ती, असा क्रम अनेक स्त्रियांनी सांगितला आहे. एका मुलीविषयी बोलताना बाजारातल्या जिनसेसाठी वापरायचा शब्द वापरला जातो, ही बाब या सगळ्या वर्णनात मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे तरुणांनी लढा उभारला तेव्हा त्यांचा राग कापडाइतकाच त्या शब्दावर होता.

या चाचणीला शास्त्राचा कोणताही आधार नाही. योनिपटल हा पातळ, लवचीक पडदा प्रत्येक स्त्रीत वेगळ्या घडणीचा असतो; पहिल्या संबंधाच्या वेळी रक्त येतेच असे नाही, आणि ते न येणे हा कशाचाच पुरावा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयासह ऑक्टोबर २०१८ मध्ये जगभर ही चाचणी बंद करण्याचे आवाहन केले, तेव्हा निदान वीस देशांत तिची नोंद झालेली होती. राजस्थानातील सांसी समाजात हीच प्रथा कुकडी या नावाने ओळखली जाते. आणि डॉक्टरांनाही येथे हात झटकता येत नाहीत. महाराष्ट्रात वैद्यकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना न्यायवैद्यक विषयात कौमार्याची लक्षणे शिकवली जात होती. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी हा भाग अशास्त्रीय असल्याचे दाखवून तो वगळण्याची मागणी लावून धरली आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो अभ्यासक्रमातून काढला. बलात्कारपीडितेच्या तपासणीतील तथाकथित दोन बोटांची चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी मानला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावले, तर दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका संशयित आरोपी स्त्रीवर तपासयंत्रणेने केलेली कौमार्य चाचणी घटनाबाह्य ठरवली. लग्नाच्या मांडवातले पंच आणि वैद्यकाचे छापील पुस्तक यांची चूक अशी एकच होती, आणि पुस्तकातली चूक दुरुस्त होण्याच्या आधी मांडवातली चूक काही मुलांनी बोलून दाखवली होती.

बोलून दाखवणारे ते पहिलेच होते असे नाही. १९९६ मध्ये कृष्णा इंद्रेकर आणि त्यांच्या पत्नीने नोंदणी पद्धतीने विवाह करून ही चाचणी नाकारली आणि तिची किंमत बहिष्काराच्या रूपाने वर्षानुवर्षे मोजली. त्या काळी त्यांच्या नकाराला साथ देणारी मंडळी फार नव्हती आणि बहिष्कार टाकणाऱ्यावर चालवता येईल असा स्वतंत्र कायदाही हाताशी नव्हता. तरीही त्या एका नकाराचे मोल मोठे आहे, कारण वीस वर्षांनी जी मुले उभी राहिली त्यांना आपल्याच समाजात, आपल्याच बोलीत बोलणारे एक जोडपे दाखवता येत होते ज्याने नाही म्हटले आणि जे मोडून पडले नाही. तरुणांच्या सक्षमीकरणावरील चर्चेत वडीलधाऱ्या माणसाच्या एकाकी नकाराचा हा वाटा सहसा कोणी मोजत नाही.

कायद्याचा इतिहासही याच प्रदेशातला आहे. तत्कालीन मुंबई राज्याने १९४९ मध्येच जातीतून वा पंथातून बहिष्कृत करण्यास बंदी घालणारा कायदा केला होता, परंतु दाऊदी बोहरा पंथाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बहिष्कार हा धर्मव्यवस्था चालवण्याच्या स्वातंत्र्याचा भाग ठरवत, तो रद्द केला. सरन्यायाधीशांनी वेगळे मत नोंदवले, पण बहुमत दुसऱ्या बाजूला होते. त्या निकालाचा प्रश्न आजही मिटलेला नाही, २०२३ मध्ये तो मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला आहे. दरम्यान पाच दशके महाराष्ट्रात बहिष्काराला थेट रोखणारा कायदा नव्हता. २०१३च्या जून महिन्यात नाशिकमध्ये जातीबाहेर लग्न केलेल्या गर्भवती तरुणीचा तिच्याच वडिलांनी जीव घेतला, त्यामागे जातपंचायतीचा धाक असल्याचे उघड झाले, आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याचे अभियान हाती घेतले. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला, पण कार्यकर्त्यांनी अभियान थांबू दिले नाही. गावोगाव परिषदा झाल्या, वाळीत पडलेली कुटुंबे पुढे येऊन बोलू लागली, आणि काही समाजांच्या पंचांनी स्वतः होऊन पंचायती बरखास्त केल्या. रायगड जिल्ह्यातून गावकीने टाकलेल्या बहिष्काराच्या तक्रारी याच सुमारास मोठ्या प्रमाणात पुढे आल्या, त्यामुळे हा आजार एखाद्या भटक्या समाजापुरता असल्याचा समज टिकला नाही.

यातून महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तीचे संरक्षण करणारा कायदा संमत केला, आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला. या कायद्याने जातपंचायतीची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे: नोंदणी असो वा नसो, एखाद्या समाजातील माणसांचा जो गट त्या समाजाच्या रीतिरिवाजांवर नियंत्रण ठेवतो आणि तोंडी वा लेखी निवाडे देतो, तो गट म्हणजे जातपंचायत. सामाजिक किंवा धार्मिक कार्यक्रमात भाग घेऊ न देणे, लग्न वा अंत्यविधीत अडथळा आणणे, संबंध तोडायला लावणे, अशी कृत्ये त्यात गुन्हा ठरवली आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि बहिष्काराला चिथावणी देणाऱ्यालाही तीच. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता पोलिसांना तपास करता येतो. जामीनपात्रही आहे, आणि ही त्याची कमकुवत बाजू आहे, कारण आरोपी त्याच संध्याकाळी त्याच गल्लीत परत येतो.

२०१७ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे ठरले. २४ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा भाग असल्याचे एकमताने जाहीर केले. त्या निकालाचा संबंध लोकांनी मुख्यतः आधार कार्डाशी जोडला, परंतु लग्नाच्या रात्री खोलीबाहेर थांबलेले नातेवाईक ज्यांनी पाहिले होते त्यांना खासगीपणा या शब्दाचा अर्थ वकिलाकडून समजून घेण्याची गरज नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस विवेक तमायचीकर या तरुणाने, जो त्या वेळी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकत होता, समाजातील समविचारी मुलामुलींना घेऊन ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ नावाचा व्हॉट्सअॅप गट सुरू केला. व्ही हे कौमार्य या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर. पुण्यातील, पिंपरीतील आणि अन्य शहरांतील तरुण त्यात आले, आणि त्यांत मुलीही होत्या.

फोनवरचा एक गट म्हणजे फार काही नव्हे, असे वरवर वाटते. पण पंचायतीची सत्ता ज्या एकटेपणावर उभी असते त्या एकटेपणाला या गटाने पहिला छेद दिला. एका वस्तीत शंभर मुलांना एखादी गोष्ट पटत नसेल आणि प्रत्येकाला असे वाटत असेल की न पटणारा आपण एकटाच, तर ती गोष्ट शंभर वर्षे चालते. ज्या विषयावर आईशी बोलता येत नाही, मैत्रिणीशी कुजबुजत बोलावे लागते, त्यावर पहिल्यांदा लिहिले गेले, आणि लिहिताना शब्द शोधावे लागले. घरात त्याला रीत म्हणत. मुलांनी त्याला चाचणी म्हटले, मग हिंसा म्हटले, मग हक्कभंग म्हटले. नाव बदलले की गोष्टीकडे पाहण्याची जागा बदलते, हे दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या चळवळींनी महाराष्ट्राला आधीच शिकवलेले आहे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील किशोरवयीन मुलीने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला; तिला शाळेने लिहायला शिकवले होते, पण काय लिहायचे हे तिला तिच्या वस्तीने शिकवले होते. या दोन शिक्षणांची गाठ पडते तेव्हाच हक्काची भाषा जिवंत होते, एरवी ती परीक्षेतल्या टिपांपुरती राहते.

गट उघड होताच वस्ती खवळली. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीतील एका लग्नसमारंभात मोहिमेतील तीन तरुणांना जमावाने मारहाण केली, गुन्हा दाखल झाला, आणि मराठी वृत्तपत्रांतून हा विषय पहिल्यांदा राज्यभर गेला. त्यानंतर जे घडले ते बाहेरच्या सुधारकाला अधिक बुचकळ्यात टाकणारे होते: समाजातील काही स्त्रियाच मोहिमेविरुद्ध रस्त्यावर उतरल्या आणि ही मुले आपल्या समाजाची बदनामी करीत आहेत, असे त्यांनी सांगितले. यावर त्या स्त्रियांना अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, आणि तसे काहींनी केलेही. पण ज्या बाईने स्वतः त्या खोलीतून जाऊन खरी हा शिक्का मिळवला आणि त्या शिक्क्यावर पुढची तीस वर्षे घरात मान मिळवला, तिला तो शिक्का निरर्थक होता असे सांगणे म्हणजे तिच्या आयुष्याची जमापुंजी खोटी ठरवणे असते. शिवाय बदनामीची भीती निराधार नव्हती. ज्या जातीचे नाव पोलिसांच्या जुन्या वह्यांत गुन्हेगार म्हणून लिहिले गेले, तिचे नाव आता दूरदर्शनच्या पडद्यावर रानटी प्रथेसाठी झळकावे, हे दुखणारे होतेच. विमुक्त समाजातील तरुणाला त्यामुळे दोन आघाड्यांवर एकाच वेळी सावध राहावे लागते: आतल्या अन्यायावर बोलायचे, आणि बाहेरच्या पूर्वग्रहाला आपल्या बोलण्याचे इंधन होऊ द्यायचे नाही. वरच्या म्हटल्या जाणाऱ्या जातींतील सुधारकांना ही कसरत कधी करावी लागली नाही, कारण त्यांच्या घरातले दोष हे साऱ्या जातीचे लक्षण म्हणून कोणी मोजले नाहीत.

चाचणीच्या रचनेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि मोहिमेतील मुलग्यांनी ती ओळखली हे त्यांचे मोठेपण आहे. ती प्रथा वधूच्या शरीरावर होत असली तरी पूर्ण होते ती वराच्या तोंडून. पंचांनी विचारले आणि वराने उत्तरच दिले नाही, तर निवाडा देण्यासाठी पंचांजवळ काही उरत नाही. म्हणजे ज्याला या प्रथेत फारसे सोसावे लागत नाही त्याच्याच हातात ती थांबवण्याची किल्ली असते, आणि म्हणून स्त्रियांच्या हक्कांची शिबिरे फक्त मुलींसाठी भरवण्याची आपली सवय अपुरी आहे. मे २०१८ मध्ये विवेक तमायचीकर यांनी याच मोहिमेतील मैत्रिणीशी चाचणी नाकारून लग्न केले, आणि त्या लग्नाला पोलीस बंदोबस्त लागला. दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला, दोन्ही घरांची संमती असताना, बंदोबस्त लागावा, यातून पंचायतीच्या धाकाचे माप घेता येते. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८च्या मानवी हक्क जाहीरनाम्यातील सोळावे कलम विवाह हा उभयतांच्या मुक्त आणि पूर्ण संमतीने व्हावा असे सांगते. त्याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात पुरुषवाचक शब्दाऐवजी सर्व मानव अशी शब्दयोजना यावी म्हणून आग्रह धरणाऱ्या हंसा मेहता या मुंबईतल्या कार्यकर्त्या होत्या. त्या शब्दबदलाचा अर्थ कंजारभाट वस्तीतल्या मांडवापर्यंत पोहोचायला सत्तर वर्षे लागली.

लग्नानंतर बहिष्कार आला, आणि तो नेमका सणाच्या आणि मरणाच्या दिवशी आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये नवरात्रात वस्तीतल्या दांडियाला ही नवविवाहिता गेली असता तिला खेळू दिले गेले नाही, अशी तक्रार तिने पोलिसांत दिली आणि नव्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. टिपऱ्या हातात घेऊन गोलात शिरणे ही गोष्ट किती लहान! पण बहिष्कार अशाच लहान गोष्टींतून चालतो, आणि आजवर पोलीस ठाण्यात असल्या तक्रारीला तुमचे घरगुती प्रकरण म्हणून परत पाठवले जाई. २०१६च्या कायद्याने सामाजिक कार्यक्रमात भाग घेण्यापासून रोखणे हा गुन्हा ठरवल्यामुळे दांडियाचा गोल कायद्याच्या कक्षेत आला, आणि एका तरुणीने त्या कलमाचा आकडा माहीत करून घेऊन ठाण्याची पायरी चढल्यामुळे छापील कायद्याला अर्थ मिळाला. पुढच्या वर्षी मे महिन्यात अंबरनाथमध्ये तमायचीकर यांच्या आजीचे निधन झाले तेव्हा अंत्ययात्रेला समाजातील कोणी जाऊ नये असे पंचांनी सांगितल्याची तक्रार झाली आणि तिथेही गुन्हा दाखल झाला. मेलेल्या म्हातारीने कोणाची रीत मोडली होती, हा प्रश्न विचारायला त्या दिवशी जातगंगेतले कोणी पुढे आले नाही.

या काळात एक राजकीय यशही मिळाले. फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्याचे तत्कालीन गृहराज्यमंत्री रणजित पाटील यांनी कौमार्य चाचणीची सक्ती हा लैंगिक अत्याचाराचा प्रकार मानून त्यावर कारवाई केली जाईल असे जाहीर केले. ही घोषणा मोलाची होती, तथापि घोषणेने प्रथा थांबत नाही. २०२१ मध्ये उघड झालेल्या प्रकरणात कोल्हापुरातल्या, एकाच घरात दिलेल्या दोन बहिणींना, एक जण चाचणीत खोटी ठरल्याचे सांगून, दोघींनाही माहेरी पाठवण्यात आले, पंचायत बसवून त्यांचे विवाह मोडण्यात आले, आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने गुन्हा नोंदवावा लागला. एका बहिणीच्या कापडावरून दुसरीचेही लग्न मोडते, यात पंचांनी व्यक्ती ही गोष्ट कधी मानलीच नव्हती हे उघड होते. मानवी हक्कांच्या विचाराचा सारा डोलारा मात्र त्या एकेका व्यक्तीवरच उभा आहे.

तरुणांच्या सक्षमीकरणासाठी आज योजनांची वाण नाही. भारताच्या २०१४च्या राष्ट्रीय युवा धोरणाने पंधरा ते एकोणतीस हा वयोगट युवा मानला. संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्क शिक्षणाच्या जागतिक कार्यक्रमाचा २०२० ते २०२४ हा टप्पा तरुणांना वाहिला. महाविद्यालयांत संविधान दिनी उद्देशिकेचे वाचन होते, निबंधस्पर्धा होतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. या साऱ्याचा हेतू चांगला आहे. परंतु कंजारभाट तरुणांना कशाने बळ दिले याची यादी केली तर ती या कार्यक्रमपत्रिकांपेक्षा वेगळी निघते. शिक्षणाने त्यांना वस्तीबाहेरचे मित्र आणि शब्द दिले. स्वतःच्या कमाईने पंचांच्या दंडाची आणि भावकीच्या मदतीची गरज कमी केली. आधी नाही म्हटलेले एक जोडपे समोर होते. समितीचे कार्यकर्ते आणि वार्ताहर फोन उचलत होते. आणि एक कायदा वेळेवर लागू झाला होता. यांतली एखादी गोष्ट कमी असती तर बहुधा तो गट फोनमध्येच विझला असता. व्याख्यानाने मुलाला धीर येतो, पण त्या रात्री घरातून बाहेर काढल्यावर झोपायला जागा लागते, दुसऱ्या दिवशी वकील लागतो आणि महिन्याअखेरीस भाडे लागते.

या गरजांसाठी कायद्यात तरतुदी आहेत आणि त्या तरुणांना माहीत असणे कोणत्याही स्पर्धेतल्या बक्षिसापेक्षा उपयोगाचे आहे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मागता येतो, आणि त्यासाठी जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सज्ञान व्यक्तींच्या विवाहात आडकाठी करण्यासाठी पंचायत भरवणे बेकायदा आहे असे सांगत, धोक्यातल्या जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे आणि जिल्ह्यात विशेष कक्ष असावेत असे निर्देश दिले. बहिष्कारविरोधी कायद्यानेही त्यासाठी स्वतंत्र प्रतिबंध अधिकारी नेमण्याची सोय ठेवली आहे. हे अधिकारी कोण आहेत, निवारा कोठे आहे, हे प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लागले पाहिजे. उद्देशिकेच्या चौकटीशेजारी तेवढी जागा नक्की निघते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत एक दिवस श्रमदान कमी करून तालुक्याच्या पोलीस ठाण्यात फिर्याद कशी लिहून घेतात हे मुलांनी पाहिले, तर त्यातून अधिक कणखर नागरिक घडतील.

आणि हा विषय एका समाजाच्या अंगणात ठेवून इतरांनी हात धुणे योग्य नाही. वधूवरसूचक मंडळांच्या मेळाव्यांत, गृहसंकुलांत, सुशिक्षित कुटुंबांच्या दिवाणखान्यांत पांढरे कापड अंथरले जात नाही, पण मुलीच्या पूर्वायुष्याची चौकशी चालते, जातीबाहेर गेलेल्या मुलाला घरच्या कार्याचे बोलावणे जात नाही, आणि चार लोक काय म्हणतील हे वाक्य पंचांच्या फर्मानाचेच काम करते. तिथल्या तरुणांना मारहाण होत नाही म्हणून त्यांची लढाई सोपी असेल, पण ती त्यांनाच करायची आहे.

बहिष्कार न येण्यातून घडतो, म्हणून त्याला उत्तर येण्यातून देता येते, आणि हे उत्तर देण्यासाठी कोणाला कार्यकर्ता व्हावे लागत नाही. पंचांची रीत नाकारून लग्न करणाऱ्या एखाद्या मुलामुलीची पत्रिका वाचकांच्या घरी आली, तर त्यांनी त्या मांडवात सहकुटुंब जावे, पंगतीत बसावे, आणि त्या घरात पुढे कधी मरण झाले तर खांदा द्यायलाही जावे.